चाकावरची काळी पूड

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरोघर कोणते काम निघते ते तुम्हांला ठाऊकच आहे. सायकल, स्कूटर, मोटार, जे काही दारात असेल ते धुऊनपुसून लखलखीत करायचे. यंदा मोटार धुण्याचे काम तुमच्या वाट्याला आले, तर एक गोष्ट नीट पाहा. टपावरची धूळ बादलीभर पाण्याने निघून जाते. चिखल जरा भिजवला की सुटतो. पण पुढच्या दोन चाकांवर एक काळसर पूड बसलेली असते, ती पाण्याच्या धारेला मुळीच दाद देत नाही. मागच्या चाकांवर मात्र ती बहुधा फारच थोडी असते. एकाच रस्त्यावरून धावलेल्या चार चाकांत हा पंक्तिप्रपंच का?

ओल्या फडक्याने थोडी पूड टिपून घ्या, ते फडके बशीभर पाण्यात पिळा आणि बशीखालून लोहचुंबक फिरवा. काळे कण चुंबकामागे रांगेने सरकू लागतील. म्हणजे या पुडीत लोखंड आहे! ते आले कोठून?

पुढच्या चाकाच्या आऱ्यांमधून आत डोकावा. ओतीव लोखंडाची एक चकचकीत तबकडी दिसेल. ती चाकाबरोबर फिरते. तिच्या एका कडेला कॅलिपर नावाचा चिमटा बसवलेला असतो, आणि त्याच्या दोन्ही ओठांना आतून घासपट्ट्या असतात. गॅरेजमध्ये त्यांना ब्रेकपॅड म्हणतात. चालकाने पायाने ब्रेक दाबला की नळीतल्या द्रवाचा दाब कॅलिपरमधल्या दट्ट्यावर येतो (पास्कलचा नियम आठवला ना?) आणि पट्ट्या तबकडीला दोन्ही बाजूंनी आवळतात. घर्षणाने चाक थांबते. त्या घर्षणात पट्टीही झिजते आणि तबकडीही. चाकावरची पूड म्हणजे या दोघींची झीज.

आता थोडे गणित करू. माणसांसह 1000 किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर वेगाने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा 2 लाख ज्यूल होते. ती थांबली की बहुतेक सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते. एवढ्या उष्णतेत अर्धा लिटर पाणी उकळून चहा करता येईल. आणि घाटात? खंडाळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीला आलो की आपण सुमारे 500 मीटर खाली येतो. 1000 ला 9.8 ने आणि 500 ने गुणा. उत्तर 49 लाख ज्यूल! ताशी 72 किलोमीटर वेगावरून जवळजवळ 25 वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा झाली. तिच्यातला काही वाटा हवेचा विरोध आणि इंजिन उचलते, म्हणूनच जाणता चालक घाटात खालचा गिअर सोडत नाही. उरलेला सगळा भार ब्रेकवर.

पुढच्याच चाकांवर पूड जास्त का, हे एस.टी.त उभे राहून प्रवास केलेल्याला सांगायला नको. ब्रेक लागला की आपण पुढे झुकतो. मोटारीचा भारही तसाच पुढच्या चाकांवर येतो, आणि थांबवण्याचे मोठे काम त्यांनाच करावे लागते. शिवाय पुष्कळ लहान मोटारींच्या मागच्या चाकांत तबकडीऐवजी बंद ड्रम असतो. तेथली पूड आतल्या आतच राहते.

आता खरी गंमत. ही पूड इतकी चिकट का? तुमच्या वर्गातला फळा पाहा. खडूचा तुकडा फळ्यावर टेकवून सोडला तर खाली पडतो, पण खडूची पूड उभ्या फळ्यावर तशीच राहते. कण लहान झाला की त्याचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात घटते, पण पृष्ठभागाला धरून ठेवणारे आकर्षण साधारण व्यासाच्याच प्रमाणात घटते. कण दहापट बारीक करा. वजन हजारपट कमी झाले, पकड फक्त दहापट. म्हणजे वजनाच्या तुलनेत पकड शंभरपट वाढली! ब्रेकच्या पुडीतले पुष्कळ कण तर केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. त्यातच लोखंडाच्या कणांना दमट हवेत गंज चढतो, आणि तो गंज त्यांना चाकाच्या रंगावर डकवून टाकतो.

मग पाण्याची धार काय करते? पृष्ठभागाला अगदी लागून असलेला पाण्याचा थर जवळजवळ स्थिर असतो. बारीक कण त्या थरात निवांत दडून बसतो. (सतत फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर धूळ कशी साचते, याचे उत्तरही हेच.) म्हणून साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश हवाच. आधी चाक भरपूर भिजवा. कोरड्या फडक्याने घासाल तर लोखंडाचे कण पॉलिश-कागदासारखे रंगावर ओरखडे काढतील. घाट उतरून आल्याआल्या धुऊ नका. तापलेल्या तबकडीवर गार पाणी पडले की ती सगळीकडे सारखी आकसत नाही. ती वाकडी होऊ शकते, क्वचित तडकतेही. तासभर थांबा.

संडास धुण्याचे अॅसिड अॅल्युमिनियमच्या चाकाला लावू नका, ते धातूच खाते. डकलेले लोखंड काढण्यासाठी बाजारात एक द्रव मिळतो. त्यातले थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावून जांभळे होते आणि चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. बघायला मौज वाटते, पण वास असह्य असतो. ते काम मोठ्यांनी, हातमोजे घालून करावे. कॅलिपरच्या दट्ट्याभोवती रबराचे आवरण असते. त्याला रॉकेल-पेट्रोल लावू नका. ते रबर फुगते.

आणि फुंकर कधीच मारू नका. गॅरेजमध्ये हवेच्या नळीने ब्रेक साफ करणारी तुमच्याच वयाची मुले मी पाहिली आहेत. तोंडावर काळे ढग घेऊन ती हसत असतात. पूर्वी घासपट्ट्यांत अॅस्बेस्टॉस सर्रास वापरत. त्याच्या तंतूंनी फुप्फुसाचे प्राणघातक रोग होतात. युरोपीय संघाने 2005 पासून त्यावर बंदी घातली. पण पुडीकडे पाहून तिच्यात ते आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही आणि तुम्हांलाही. अॅस्बेस्टॉस नसले तरी इतकी बारीक पूड छातीत जाणे वाईटच. 2024 साली युरोपीय संघाने केलेल्या ‘युरो 7’ नियमांत धुराबरोबर ब्रेकच्या पुडीवरही मर्यादा घातली. साध्या पेट्रोल-डिझेल मोटारीला दर किलोमीटरला 7 मिलिग्रॅम. तेव्हा पूड ओली करा, ओलीच पुसा आणि मग हात धुवा.

आता माझी एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी दसऱ्याला चाके चमकवून झाल्यावर मला आतली तबकडीही चमकवावीशी वाटली. तेलाचे बोळे हाताशी होते. तबकडी आरशासारखी झाली! हार घालून गाडी बाहेर काढली, फाटकापाशी ब्रेक दाबला, आणि गाडी सावकाश, अगदी शांतपणे, पुढे जातच राहिली. कोरड्या तबकडीवर पट्टीचा घर्षणांक साधारण 0.3 ते 0.4 असतो. तेलाने तो निम्म्याहूनही खाली येतो. हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो! दिवा फुटला, फाटक वाकले. आमची धाकटी नुकतीच फाटकातून बाजूला झाली होती. तेल पट्ट्यांत मुरले होते, त्या बदलाव्याच लागल्या. तेव्हापासून तबकडीच्या घासणाऱ्या भागाला आमच्या घरी तेल, मेण, पॉलिश काहीही लागत नाही.

साधे पाणीही घर्षण थोडा वेळ कमी करते. म्हणून धुऊन झाल्यावर चालकाला सांगा, की गाडी मोकळ्या जागी हळू चालवून ब्रेक चारसहा वेळा हलकेच दाबा. तबकडी तापून कोरडी होते. ती ओली तशीच राहिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर नारिंगी गंजाचा पातळ पापुद्रा दिसेल. घाबरू नका. पहिल्या दोनचार ब्रेकांत तो खरवडून निघतो आणि कालच धुतलेल्या चाकावर पुन्हा पूड होऊन बसतो.