क्लाउड प्रॉक्सीला वळसा: सूट नेमकी कशातून?

वेब वाहतूक तपासणाऱ्या क्लाउड प्रॉक्सीतून वेबसाइटला दिलेली प्रत्येक सूट सारखी नसते. नेटस्केपने १९९६ मध्ये आणलेल्या पॅक फाइलमध्ये (ही छोटी जावास्क्रिप्ट फाइल असते) एखाद्या डोमेनसाठी ‘डायरेक्ट’ लिहिले, की ब्राउझर प्रॉक्सीकडे फिरकतच नाही. मग तिथे ना मालवेअरची तपासणी होते, ना लॉगमध्ये नोंद. याउलट फक्त टीएलएस तपासणी वगळली, तर कूटबद्ध मजकूर उलगडला जात नाही, पण कोण कुठल्या साइटवर गेले याची नोंद राहते आणि साइट अडवताही येते. म्हणून बँकिंग साइट किंवा प्रॉक्सीचे प्रमाणपत्र नाकारणारी ॲप्स यांना बहुधा ही दुसरी सूट पुरते.

मग पूर्ण वळसा हवाच कशाला? कारण १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या अंतर्गत पत्त्यांपर्यंत क्लाउडमधली प्रॉक्सी एरवी पोहोचतच नाही. शिवाय मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ‘ऑप्टिमाइझ’ गटाची वाहतूक (टीम्सचे कॉल त्यातच) थेट न्यावी, असे खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगते. मात्र या थेट वाहतुकीसाठी फायरवॉलवर वाट मोकळी हवी. शिवाय वळशाच्या नियमात डोमेनच्या दोन्ही बाजूंना तारांकन (म्हणजे ‘कोणतीही अक्षरे’) टाकले, तर त्या नावाभोवती अक्षरे जोडून बनवलेली बनावट साइटही तपासणीविना आत येते.