निर्दोष सुटका झाली, तपासाच्या कागदांचं काय?

नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा जणांना फाशी ठोठावली. फेरविचारानंतर ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. या हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. सरकार पक्षाने ही बाब दडवल्याचं न्यायालयाने नोंदवलं. भरपाईच्या लढाईत तपासाचे असे कागद निर्णायक ठरतात आणि त्यांच्याबद्दलच गैरसमज फार आहेत.

गैरसमज : निर्दोष ठरलं की भरपाई मिळतेच.
वस्तुस्थिती : तसा स्वतंत्र कायदाच आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात त्याची शिफारस केली होती. आज मुख्य आधार आहे तो उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयातल्या रिट याचिकेचा. तिथे ‘पुराव्याअभावी सुटलो’ एवढं सांगून सहसा भागत नाही. मूलभूत हक्क कसा डावलला गेला, हे दाखवावं लागतं. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये ५० लाख रुपये मंजूर झाले. हेरगिरीचा आरोप खोटा असल्याचा सीबीआयचा १९९६ चा अहवाल त्यांच्या बाजूने होता.

गैरसमज : आरोपपत्राची प्रत मिळाली म्हणजे सगळा तपास हाती आला.
वस्तुस्थिती : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० नुसार आरोपीला एफआयआर, जबाब आणि आरोपपत्रासोबतचे कागद मोफत मिळतात. पण त्यात भर असतो तो सरकार पक्ष ज्यांवर विसंबतो त्या कागदांवर. आरोपीच्या फायद्याचा जबाब बाहेर राहू शकतो. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवून दिलं, की तपासात जमा झालेले पण न वापरलेले जबाब, दस्तऐवज आणि वस्तू यांची यादीही आरोपीला द्यावी. यादीत नाव दिसलं, की तो कागद नेमका मागता येतो.

गैरसमज : केस डायरी आरोपीला कधीच दिसत नाही.
वस्तुस्थिती : केस डायरी म्हणजे तपास अधिकाऱ्याची तपासाची रोजची नोंद. ती मागण्याचा सरसकट हक्क आरोपीला नाही, हे खरं. पण साक्ष देताना तपास अधिकाऱ्याने स्मरणासाठी ती पाहिली, किंवा त्याचं म्हणणं खोडण्यासाठी न्यायालयाने ती वापरली, तर तेवढा भाग आरोपीला पाहता येतो. शिवाय न्यायालय स्वतः ती केव्हाही मागवू शकतं.

गैरसमज : पोलीस तपासाची माहिती ‘माहिती अधिकारा’त मिळतच नाही.
वस्तुस्थिती : कलम ८(१)(ज) मधला अपवाद तपासात किंवा खटल्यात अडथळा आणणाऱ्या माहितीपुरता आहे. तपास सुरू आहे एवढंच कारण पुरेसं नाही, अडथळा कसा येईल ते सांगावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं. खटला कायमचा निकाली निघाल्यावर तर हे कारण आणखी लंगडं पडतं. साक्षीदाराची ओळख जपायची असेल, तर तेवढा मजकूर वगळून बाकीचा देता येतो. या कायद्यातून सूट मिळालेल्या गुप्तचर-सुरक्षा संस्थांनाही मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती सरसकट नाकारता येत नाही. ‘तपासाचे सर्व कागद द्या’ असा मोघम अर्ज मात्र सहज फेटाळला जातो. तारीख, पंचनामा, ओळख परेड, स्टेशन डायरीतली नोंद असं नेमकं मागावं.

गैरसमज : कागद काय, नंतरही काढता येतील.
वस्तुस्थिती : निकाली प्रकरणांचं दप्तर ठरावीक मुदतीनंतर नष्ट केलं जातं. म्हणून निकाल लागताच साक्षी, पंचनामे आणि आदेशांच्या प्रमाणित प्रतींसाठी न्यायालयात अर्ज करावा. पोलिसांकडचे कागद मिळाले नाहीत, तर भरपाईच्या याचिकेतच ते हजर करण्याचा आदेश मागावा आणि निकाल लागेपर्यंत नष्ट करू नयेत, अशीही विनंती करावी.