भीती उसनी कशाला? चंद्रपूर-गडचिरोलीत भयपट करू पाहणाऱ्यांसाठी

कॉलेजच्या शॉर्ट फिल्मसाठी विषय ठरवायला चार जण बसले की भयपटाचं नाव लवकर निघतं. कलाकार कमी लागतात, एखादं पडकं घर पुरतं, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना जंगल तर दाराशीच असतं. मग यादी तयार होते: रात्र, धुकं, पांढरी साडी, करकरणारं दार, मोबाईलची गेलेली रेंज आणि शेवटी एक किंकाळी. ही यादी म्हणजेच भयपट, हा पहिला गैरसमज. बाकीचे बहुतेक त्याच्याच पोटातून निघतात.

प्रेक्षकाला काय कळू द्यायचं, किती वेळ रोखून धरायचं, पात्राच्या आधी सांगायचं की नंतर, याविषयीचे ठरलेले मार्ग म्हणजे भयपटाचे संकेत. वस्तू त्यांच्या मागून येतात. न ऐकलेला इशारा हा जुना संकेत घ्या. गावातला म्हातारा ‘तिकडे जाऊ नका’ म्हणतो आणि पोरं जातात. हे शेकडो वेळा पाहूनही चालतं, कारण त्या क्षणापासून प्रेक्षकाला पात्रांपेक्षा थोडं जास्त ठाऊक असतं आणि तो प्रत्येक साध्या फ्रेममध्ये धोका शोधू लागतो. म्हातारा काढून तिथे वनखात्याची पाटी लावली तरी काम तेच होतं. संकेत कळला की वस्तू आपल्या गावातली घेता येते.

‘भीती रात्रीच दाखवता येते’

या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्याने तरी असं म्हणू नये. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बाया पहाटे निघतात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला अख्खी कुटुंबं जंगलात असतात. वाकून काम करणारी माणसं, सकाळचं ऊन, ओळखीची वाट, आणि वाघाचे अनेक हल्ले होतात ते याच वेळी. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्यासाठी गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. इथली भीती उजेडातली आहे. ज्याला ही भीती पडद्यावर आणायची आहे त्याला अंधाराची गरज नाही, आणि त्या घरांचं दुःख करमणुकीसाठी वापरायचाही हक्क नाही. पण वाकलेल्या पाठीमागची मोकळी जागा फ्रेममध्ये ठेवून कॅमेरा बराच वेळ हलवला नाही, तर काय घडू शकतं हे इथल्या प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावं लागणार नाही.

मराठीत याचं चांगलं उदाहरण आहे. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (२०१७) भीतीसाठी उसाचं शेत निवडलं. उसात दिवसाढवळ्याही दोन हातांपलीकडचं दिसत नाही, आणि चारही बाजू सारख्याच दिसतात. पुढे त्याच कथेवर हिंदीत ‘छोरी’ आला.

रात्रीचा हट्ट तांत्रिकदृष्ट्याही महागात पडतो. मोबाईलचा कॅमेरा अंधारात चित्र ओढूनताणून उजळ करतो आणि फ्रेमभर दाणे नाचू लागतात. सूर्य बुडाल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे आपली तिन्हीसांज, निळसर उजेडात रात्रीचा भास देते. रोज तेवढ्या वेळात दोन-तीन शॉट होतात. रात्रच हवी असेल तर उजेडाला कथेत कारण द्या. चूल, बॅटरी, ट्रॅक्टरचा दिवा, काहीही चालेल. पूर्ण काळोख पडद्यावर भीतीदायक दिसत नाही, तो फक्त काळा दिसतो.

‘जंगल म्हणजे धुकं’

आपलं जंगल पानगळीचं आहे. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू. उन्हाळ्यात ते उघडं पडतं, दूरवर दिसतं, आणि सागाच्या वाळल्या पानावर पाय पडला की आवाज लपत नाही. पावसाळ्यात तेच दाट होतं. विलायती सिनेमातलं धुकं आणण्यासाठी पालापाचोळा पेटवणं किंवा मशाली नाचवणं तर विसरूनच जा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो, आणि राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा आहे.

‘गावाशेजारचं जंगल, परवानगी कशाला’ हाही समज इथेच मोडायला हवा. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प गाभा आणि बफर मिळून सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात चित्रीकरणासाठी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. विद्यार्थ्यांसाठी माझा सल्ला सरळ आहे: जंगलात शिरूच नका. धुऱ्यावरून दिसणारी झाडांची रांग, गावालगतचा नाला, कोणाचं तरी मालकीचं शेत एवढ्यावर काम भागवा. जंगल फ्रेमच्या कडेला उभं असलं की पुरतं. गडचिरोलीच्या आतल्या भागात गावकऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला आधी कळवल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नये.

‘आवाज मोठा केला की प्रेक्षक घाबरतो’

तो दचकतो. दचकणं अर्ध्या सेकंदात संपतं, भीती त्याच्या आधी तयार व्हावी लागते. १९४२च्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकी चित्रपटातला एक प्रसंग जगभर शिकवला जातो. रात्रीच्या रस्त्यावर एक बाई चालते आहे, मागून दुसऱ्या पावलांचा आवाज येतो आहे, आणि मग तो अचानक थांबतो. ती घाबरून वळून पाहते, पुन्हा पुढे निघते, प्रेक्षक श्वास रोखतो, आणि फुत्कारासारखा आवाज करत फ्रेममध्ये शिरते ती एक बस. निर्माते व्हॅल ल्युटन यांच्या नावाने या युक्तीला ‘ल्युटन बस’ म्हणतात. तिथे काम करतात ती थांबलेली पावलं आणि त्यानंतरची शांतता. बस फक्त गाठ सोडते. विद्यार्थी नेमकी शांतता कापून टाकतात आणि बस तेवढी ठेवतात.

ताडोबाच्या गाइडांना हे शास्त्र सिनेमा न शिकता येतं. ते वाघ शोधत नाहीत, ‘कॉल’ ऐकतात, म्हणजे वाघाची चाहूल लागलेल्या जनावरांचे इशारे. चितळाची तीक्ष्ण शीळ, सांबराचा एकच खणखणीत ‘पॉंक’, झाडावरच्या वानराचं खकारणं, भेकराचं कुत्र्यासारखं भुंकणं. जिप्सी थांबते, इंजिन बंद होतं, कोणी बोलत नाही. चितळ एकदा ओरडून गप्प झालं तर शंका. सांबर ओरडतच राहिलं तर जवळपास खात्री. आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकू लागले तर जनावर चालतं आहे. वाघ अजून कोणाच्याही नजरेस पडलेला नाही, तरी गाडीतल्या प्रत्येकाला तो कुठे आहे हे कळलेलं असतं.

भयपटाचं संपूर्ण ध्वनिलेखन या एका पद्धतीवर उभं करता येईल, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या दोन मिनिटांत कथेतल्या गुराख्याकडून प्रेक्षकाला एक आवाज शिकवा: हा ऐकू आला की जागचं हलायचं नाही. मग तो आवाज दूरवर येऊ द्या. मग दुसऱ्या बाजूने. मग शेवटी सगळं रान एकदम गप्प करा. यासाठी खर्च येतो तो एका बऱ्या माइकचा आणि पहाटे उठण्याचा. इंटरनेटवरून घेतलेली लांडग्याची आरोळी इथल्या प्रेक्षकाला लगेच परकी वाटेल, कारण त्याचे कान लहानपणापासून हेच जंगल ऐकत आले आहेत.

हलता कॅमेरा म्हणजे भीती, ही समजूतही अशीच. ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये (१९९९) कॅमेरा हलतो, कारण तो पात्रांच्याच हातात आहे. ते तिघे जंगलात वाट चुकलेले चित्रपटाचे विद्यार्थी आहेत. चेटकीण तर त्यात शेवटपर्यंत दिसत नाही.

‘काहीच उलगडायचं नाही, म्हणजे गूढ वाढतं’

नियम ठाऊक नसेल तर प्रेक्षक गोंधळतो, घाबरत नाही. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) हस्तर या देवाचे नियम स्वच्छ सांगितले आहेत. त्याला भूक आहे, त्याला पीठ हवं, पिठाच्या रिंगणात तो येऊ शकत नाही, सोन्याची नाणी त्याच्या कमरेशी आहेत. हे कळल्यामुळेच पुढे रिंगणाकडे पाहताना हात घट्ट होतात. दहा मिनिटांच्या फिल्मला एकच नियम पुरतो. तो लवकर सांगा आणि शेवटपर्यंत पाळा.

एकटं पडण्याचा संकेतही असाच स्वच्छ हवा. मोबाईलची बॅटरी संपवून पात्रांना अडकवायची गरज काय? पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे गडचिरोली जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. पाणी पुलावर चढतं आहे असा एक शॉट दाखवला की कोणी येणार नाही, कोणी जाणार नाही, हे प्रेक्षकाने स्वतःच मान्य केलेलं असतं.

‘मांत्रिक आणि चेटकीण हे तर फक्त सिनेमातलं’

या गैरसमजाची किंमत माणसांनी मोजली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावात, भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. मे २०२४ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावात जादूटोण्याच्या संशयावरून दोघांना जाळून मारण्यात आलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २०१३ मधल्या हत्येनंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो अशाच अत्याचारांना आळा घालण्यासाठी.

म्हणून केस मोकळे सोडलेली, गावाबाहेर राहणारी म्हातारी खरोखरच करणी करते असं दाखवणारी फिल्म इथे निरुपद्रवी राहत नाही. ती मोबाईलवरून त्याच गावांत फिरते. गोंड किंवा माडिया माणसाला कवट्यांच्या माळा घालून उभं करणं हे तर अज्ञान आहे. वाघाला देव मानणारी, ताडोबाच्या तळ्याकाठी तारूबा या देवाचं ठाणं जपणारी ही माणसं जंगलाला आपल्यापेक्षा कमी भितात आणि जास्त ओळखतात. संकेत वापरायचाच असेल तर उलटा वापरा. म्हातारी निर्दोष आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, चौकात जमणाऱ्या गावाला नाही. एकेक दार उघडतं, एकेक जण बाहेर येतो. इतकी भीती कुठलंही भूत देणार नाही. ‘लपाछपी’ही भुताच्या आडून स्त्रीभ्रूणहत्येविषयीच बोलला होता.

‘इथे नट कुठे मिळणार?’

देसाईगंज-वडसा परिसरात झाडीपट्टी रंगभूमीच्या कंपन्या आहेत, आणि हजारोंच्या गर्दीला रात्रभर जागं ठेवणारे कलाकार त्यांत आहेत. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. फरक एवढाच की हे कलाकार शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायला शिकलेले असतात, आणि कॅमेरा दोन हातांवर असतो. त्यांना संवाद पाठ करायला देण्याऐवजी प्रसंग सांगा, कुजबुजत बोलायला सांगा, आणि पहिली तालीम मोबाईलवर टिपून त्यांनाच दाखवा.

वेळापत्रक मात्र त्यांच्या हंगामावर ठरेल. दिवाळीनंतर प्रयोग सुरू होतात आणि होळीच्या सुमारास ओसरतात, म्हणजे कलाकार मोकळे होतात ते मोहफुलांच्या दिवसांत. तेव्हा चंद्रपूरचा पारा चाळिशी ओलांडू लागलेला असतो आणि जंगल वाळलेलं असतं. पहाटे साडेपाच ते नऊ हीच चित्रीकरणाची वेळ धरा, दुपार आवाज ऐकण्यात आणि एडिटिंगमध्ये घालवा, आणि तिन्हीसांजेचे दोन शॉट शेतातच घ्या.