उतारवयातला पाहुणा

कुत्रं पाळायचं म्हटलं की आपण पिल्लू शोधतो. म्हाताऱ्याला कोण विचारतो? हौसेनं आणलेल्या पांढऱ्याशुभ्र स्पिट्झच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, दात हलू लागले, की काही जण तिला रस्त्यावर सोडून देतात. प्राण्याला असं उपाशी टाकून देणं १९६०च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

एकदम दत्तक घ्यायचा धीर होत नसेल, तर काही आठवडे सांभाळायला घ्यावं. प्राणिमित्र संस्था तशी सोय करतात. आमच्याकडे एक स्पिट्झ अशीच आली. पहिले काही दिवस ती दाराकडे तोंड करून बसे.

अशा जिवासाठी फार काही लागत नाही. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरावी. सामानाची जागा बदलू नये. अधू डोळ्यांना घर वासानं आणि सवयीनं कळतं. पशुवैद्याकडून दात, हृदय, मूत्रपिंड तपासून घ्यावं, रेबीजची लस चुकवू नये. आपल्या दुखण्यावरच्या गोळ्या, कांदा, द्राक्षं, चॉकलेट देऊ नये.

“मुसलमानाच्या घरात कुत्रं?” असं काहींनी विचारलं. तहानेल्या कुत्र्याला विहिरीतलं पाणी पायताणात भरून पाजणाऱ्याला अल्लाहनं माफ केलं, ही हदीस मी त्यांना सांगितली.

मुदत संपली, तेव्हा आम्ही दत्तकपत्रावर सही केली. लहान चणीचं कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं. हिच्या वाट्याची किती उरली, कोण सांगणार? पण म्हातारपणी पुन्हा घर बदलायची वेळ तिच्यावर येऊ नये, एवढं आपल्या हाती असतं.