गाण्याखालचा बेस

अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरसारख्या साखर कारखान्याच्या गावात बेस म्हटलं की वरातीतला डीजे डोळ्यांसमोर येतो. छाती हादरवणारा, गाण्यातले शब्द गिळून टाकणारा. बेसची ही ओळख फार अपुरी आहे, आणि ती पुसायला अमेरिकेतल्या जुन्या कंट्री संगीताच्या ध्वनिमुद्रिकांइतका चांगला पुरावा मला दुसरा दिसत नाही. शेत, रेल्वे, विरह, तुरुंग हे या गाण्यांचे विषय. ही गाणी शब्दांवर जगतात. बेस तिथे शब्दांना जागा करून देतो, आणि तेही कमीत कमी सुरांत.

चार मात्रांतल्या पहिलीवर षड्ज, तिसरीवर पंचम, मधल्या मात्रांवर गिटारचा झंकार. बहुतेक गाण्यांत बेसवाला एवढंच वाजवतो. स्वरमेळ बदलला की त्याचा षड्जही जागा बदलतो, आणि गाणं कुठे वळतंय हे गायकाला त्याच्याकडून कळतं. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात ड्रमला बराच काळ मज्जाव होता, त्यामुळे लयीचा मोठा भार बेसवरच पडे. जॉनी कॅश यांच्या 1956 च्या ‘आय वॉक द लाइन’मध्ये ड्रम नाहीच. गिटारच्या तारांत कागद अडकवून काढलेली खरखर आणि मार्शल ग्रँट यांचा उभा बेस, एवढ्यावर लय उभी आहे.

लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. माणसापेक्षा उंच असणाऱ्या उभ्या बेसचं काम आता गळ्यात अडकवलेल्या वाद्यावर होऊ लागलं, आणि पडदे असल्यामुळे सूरही नेमका लागू लागला. नॅशव्हिलच्या स्टुडिओंनी मात्र लगेच जुनं मोडीत काढलं नाही. त्यांची अडचण वेगळी होती. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते, आणि इतका खालचा सूर तेव्हाच्या छोट्या रेडिओच्या स्पीकरमधून धड ऐकूच येत नसे. म्हणून उभ्या बेसची ओळ दुसरा वादक सहा तारांच्या इलेक्ट्रिक बेसवर, तळहाताने तारा दाबून, नखीने जशीच्या तशी वाजवी. त्या ‘टिक-टॅक’ आवाजाने प्रत्येक सुराला धार येई आणि खालचा गाभा उभा बेस पुरवी. पॅट्सी क्लाइन यांच्या 1961 च्या ‘क्रेझी’मध्ये बॉब मूर उभा बेस वाजवतात आणि हॅरॉल्ड ब्रॅडली सहा तारांचा. दोन कसलेले वादक एकाच साध्या ओळीवर राबतात, आणि श्रोत्याच्या लक्षात राहतो तो पॅट्सींचा आवाज. या कलेची मोठी कसोटी मला हीच वाटते.

दोन सूर तर कोणीही वाजवेल, असा आक्षेप येतो. वाजवेल, पण मूर यांना हजारो ध्वनिमुद्रणांना बोलावलं गेलं ते कोणता सूर यापेक्षा तो किती लांबवायचा आणि कुठे तोडायचा, या जाणिवेसाठी. रॉजर मिलर यांच्या ‘किंग ऑफ द रोड’ची सुरुवात ऐकली की सुरांइतकीच त्यांच्यामधली शांतताही मोजून ठेवलेली कळते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: आपल्या लोकगीतांत बदलते स्वरमेळ नाहीत, मग हे उदाहरण आपल्या काय कामाचं? स्वरमेळांपुरता तो मला मान्य आहे. मुंबईत आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस गिटार शोभली, कारण त्या रचनाच स्वरमेळांवर बेतलेल्या होत्या. पण लय पेलण्याचा आणि शब्दांना वाट देण्याचा भाग आपल्याकडे आधीपासून आहे. गोंधळातल्या संबळाच्या जोडीत एक वाद्य उंच बोलतं, दुसरं खर्जात. वर तुणतुणं सूर धरून राहतं. गोंधळ्याची कथा त्या खर्जावर उभी राहते आणि तरी तिचा शब्दन् शब्द कळतो.

मराठवाड्यातली लोकगीतं आज नव्याने ध्वनिमुद्रित करताना त्यांच्याखाली सरसकट कीबोर्डचा बेस ओतला जातो आणि संबळाचा खर्ज त्यात बुडतो. हे काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे: आधी त्या खर्जाच्या वाद्यासमोर स्वतंत्र माइक ठेवा, छोट्या मोबाइलवर ते कसं ऐकू येतं ते तपासा, आणि बेस घालायचाच असेल तर गायकाचा शब्द संपल्यावर घाला.