गुडघा ‘झिजला’ म्हणून बसून राहू नका

‘डॉक्टरांनी सांगितलं, गुडघे झिजलेत. आता काय, असंच चालायचं.’ पन्नाशी ओलांडलेल्या अम्मीच्या, खालाच्या किंवा शेजारच्या आपाच्या तोंडून हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. कोणी म्हणते वाटी घासली, कोणी म्हणते वंगण संपले, कोणी एक्स-रे उजेडासमोर धरून ‘गॅप’ दाखवते. मग घरात एक ठरलेला क्रम सुरू होतो. बाजाराला जाणे थांबते, जिना टाळला जातो, नातवंडांना उचलून घेणे बंद होते. कालपर्यंत सगळे घर सांभाळणारी बाई वर्षभरात पलंगाच्या कडेला बसलेली दिसू लागते.

यातला काही त्रास गुडघ्याचा असतो हे खरे, पण बराचसा त्रास ‘झीज’ या शब्दामुळे ओढवतो. यंत्राचा भाग झिजला तर तो कमी वापरावा म्हणजे जास्त दिवस टिकेल, हा हिशोब आपण शरीरालाही लावतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांचे संशोधन मात्र गुडघ्याच्या बाबतीत याच्या उलट सांगते.

गुडघ्यात नेमके काय होते?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे एकमेकांना भेटतात, तिथे दोन्ही टोकांवर गुळगुळीत, लवचिक अशा कूर्चेचे आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिला पोषण मिळते कसे? वर्गातला ओला स्पंज आठवा. दाबला की पाणी बाहेर येते, सोडला की पुन्हा आत शिरते. आपण चालतो तेव्हा कूर्चा अशीच दाबली आणि सोडली जाते, आणि सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळते. म्हणजे हालचाल हे कूर्चेचे जेवण आहे. बसून राहणारा माणूस गुडघ्याला विश्रांती देत नसतो, उपाशी ठेवत असतो.

ऑस्टिओआर्थ्रायटिस या आजारात कूर्चा पातळ होते, पण गोष्ट तिथेच संपत नाही. सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, कूर्चेखालचे हाड बदलते, कडेला हाडाचे टोक वाढते आणि मांडीचे स्नायू अशक्त होतात. कूर्चेत वेदना जाणवणाऱ्या नसाही नसतात. म्हणून एक्स-रे आणि दुखणे यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. एक्स-रेमध्ये बरीच झीज दिसणारी व्यक्ती आरामात चालते, आणि थोडासाच बदल असलेली व्यक्ती वेदनेने हैराण असते. एक्स-रे पाहून घाबरू नये, त्याचे हे कारण आहे.

हा आजार होतो कशाने?

वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता आणि मांडीच्या स्नायूंची कमजोरी ही मुख्य कारणे आहेत. पन्नाशीनंतर स्त्रियांमध्ये हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त आढळतो.

पण केवळ वय आणि वजन यांवर सगळे खापर फोडता येत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अडीच हजारांहून अधिक मानवी सांगाडे तपासले. काही हजारो वर्षांपूर्वीचे होते, काही अलीकडचे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे प्रमाण दुपटीहून जास्त झाल्याचे त्यांना दिसले. वय आणि वजनाचा हिशोब वजा केला तरी वाढ तेवढीच राहिली. म्हणजे वय आणि वजन यांच्यापलीकडेही काही कारणे आहेत, आणि कमी झालेली हालचाल हे त्यांपैकी एक असावे असा संशोधकांचा अंदाज आहे.

दुसरा अभ्यास चीनमधला आहे. बीजिंगमधल्या साठीपुढच्या स्त्रियांची तुलना अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या स्त्रियांशी केली गेली. बीजिंगच्या स्त्रिया अंगाने सडपातळ होत्या, तरी गुडघ्याचा आजार त्यांच्यातच जास्त निघाला. तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्यांना हा त्रास अधिक झाल्याचे आढळले. मोरीत उकिडवे बसून ढीगभर कपडे धुणाऱ्या आणि तसेच बसून भांडी घासणाऱ्या आपल्या घरच्या बायकांशी याचा थेट संबंध आहे. कपडे, भांडी आणि भाजी चिरणे ही कामे ओट्यावर किंवा उंच स्टुलावर बसून करता येतील अशी सोय करणे, हा घरातल्या पुरुषांनी आजच करण्यासारखा उपाय आहे.

सिद्ध झालेले उपाय

पहिला उपाय व्यायाम. इंग्लंडच्या ‘नाइस’ या आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत स्नायूंना बळ देणारा व्यायाम प्रत्येक रुग्णाला सुचवावा असे म्हटले आहे, मग त्याचे वय कितीही असो. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून यासाठी एक कार्यक्रम चालतो. रुग्णाला आधी दोन बैठकांत आजार समजावून सांगतात, मग देखरेखीखाली बारा वेळा व्यायाम करून घेतात. पुढे हाच कार्यक्रम इतर अनेक देशांनी घेतला.

घरी सुरुवात करायला तीन गोष्टी पुरेशा आहेत. एक, पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि ती खाली दाबत पाच आकडे मोजावेत. दोन, पाठीवर झोपून एक पाय दुमडावा, दुसरा सरळ पाय वीतभर उचलून पाच आकडे धरावा. तीन, भक्कम खुर्चीवरून, शक्यतो हाताचा आधार न घेता, उठावे आणि सावकाश बसावे. प्रत्येक प्रकार दहा वेळा करावा. जोडीला सपाट रस्त्यावर चालणे. व्यायाम करताना थोडे दुखले तर नुकसान होत नाही. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले असेल तर प्रमाण कमी करावे, पण थांबू नये. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. बहुतेक जण दुसऱ्याच आठवड्यात सोडून देतात, इथेच चूक होते.

दुसरा उपाय वजन. २००५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की शरीराचे वजन एक किलो कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दिवसाला हजार पावले चालणाऱ्याने हा गुणाकार करून पाहावा. २०१३ मध्ये ४५४ जाड व वयस्कर रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दीड वर्ष काहींनी फक्त आहार सांभाळला, काहींनी फक्त व्यायाम केला, काहींनी दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांचे दुखणे सर्वांत कमी झाले. आपल्या दस्तरखानावर याचा अर्थ साधा आहे : रोजच्या चहातली साखर, तळण आणि बिर्याणीची दुसरी वाढ कमी करणे.

तिसरा उपाय गुडघ्यावर लावण्याची वेदनाशामक जेल. पोटात घेण्याच्या गोळ्यांपेक्षा ती सुरक्षित आहे, कारण औषध रक्तात फार थोडे जाते. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते, रक्तदाब वाढू शकतो. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत.

पैसा कुठे वाया जातो?

२००२ मध्ये ह्यूस्टन येथील डॉ. ब्रूस मोझली यांनी १८० रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींचा सांधा दुर्बिणीने साफ केला, तर काहींच्या गुडघ्यावर नुसते छेद देऊन ते शिवून टाकले. कोणाला काय केले हे रुग्णांना माहीत नव्हते. दोन वर्षांनी पाहिले तर दोन्ही गटांत काहीच फरक नव्हता. दुर्बिणीने ‘गुडघा धुण्याचा’ सल्ला ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

ग्लुकोसामाइनच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या जातात. २००६ मध्ये १,५८३ रुग्णांवर त्यांची चाचणी झाली, आणि एकंदर रुग्णांमध्ये त्या बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. ‘वंगण भरण्याच्या’ इंजेक्शनांवरील १६९ चाचण्यांचा आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाला जाणवेल इतका लाभ त्यांत दिसला नाही. स्वतःच्याच रक्तातून काढून देण्याच्या पीआरपी इंजेक्शनाची ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर चाचणी झाली. वर्षभरानंतर ते मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनाइतकेच ठरले. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो. पण २०१७ च्या एका अभ्यासात दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते दिल्यावर कूर्चा अधिक पातळ झाली आणि दुखण्यात फरक राहिला नाही.

बिनलेबलच्या पुड्यांपासूनही सावध राहावे. ‘तीन दिवसांत गुण’ देणाऱ्या अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने दुखणे दबते, पण साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात.

नमाज आणि गुडघे

सजदा आणि अत्तहियातची बैठक यामुळे गुडघे खराब होतात का, असा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो. थायलंडमध्ये पन्नाशीपुढच्या सुमारे ३०० लोकांची पाहणी झाली. ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मुस्लिमांमध्ये गुडघ्याच्या आजाराचे प्रमाण बौद्धांपेक्षा कमी आढळले. लहानपणापासून गुडघे पूर्ण वाकवण्याची सवय असल्याने आजूबाजूच्या पेशी लवचिक राहत असाव्यात, असा संशोधकांचा तर्क आहे. ही एकच छोटी पाहणी आहे, त्यावरून नमाजला औषध म्हणणे बरोबर नाही. पण नमाजने गुडघे झिजतात ही भीतीही निराधार दिसते. तासभर एकाच जागी उकिडवे बसणे वेगळे आणि थोडा वेळ वाकून पुन्हा उठणे वेगळे.

दुखणे जास्त असेल तर शरीअतने बसून नमाज पढण्याची सवलत दिलेली आहे. त्यात संकोच कसला? मात्र एक गोष्ट पाहण्यात येते. खुर्ची एकदा आली की उभे राहणेही सुटते. ज्यांना उभे राहता येते, त्यांनी कयाम उभ्याने करावा आणि जिथे खरोखर जमत नाही तिथेच खुर्चीचा आधार घ्यावा. गुडघ्याच्या दृष्टीने हेच हिताचे आहे. मसअला काय आहे, तो आपल्या आलिमांना विचारावा. जाड जानमाज आणि उठताना धरायला बाजूला भक्कम खुर्ची, एवढ्यानेही पुष्कळांचे काम भागते.

ऑपरेशन केव्हा?

व्यायाम, वजन आणि औषध हे सगळे मनापासून करूनही रात्री झोप लागत नसेल, घरातल्या घरात चालणे कठीण झाले असेल, तर सांधा बदलण्याचे ऑपरेशन खरोखर उपयोगी आहे. २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये या ऑपरेशनच्या टप्प्यावर आलेल्या १०० रुग्णांवर अभ्यास झाला. ऑपरेशन झालेल्यांना आराम जास्त मिळाला, पण गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त झाल्या. व्यायामाच्या गटातील ५० पैकी फक्त १३ जणांना वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावे लागले. म्हणून घाई नको, आणि गरज असताना वर्षानुवर्षे टाळणेही नको. आपल्या देशात ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्यासाठी ती तेव्हा ५४,७२० रुपये आणि वर कर अशी होती. म्हणून रुग्णालयाच्या बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागावी.

गुडघा गरम, लाल आणि सुजलेला असेल, सोबत ताप असेल, किंवा पडल्यानंतर पायावर उभे राहता येत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ सांधे आखडत असतील आणि हाताची बोटेही सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि ते लवकर सुरू व्हावे लागतात.

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका दुखणे सांगत नाहीत, सांगितले तर ‘उमर झाली’ म्हणून सोडून देतात. त्यांना महागडे इंजेक्शन घेऊन देण्याआधी मुलगा, मुलगी, सून किंवा नातू यांपैकी कोणीतरी रोज असरनंतर अर्धा तास त्यांच्याबरोबर चालायला जावे. एकटीने चालणे सुटते, सोबत असली की टिकते. आठ आठवडे नेमाने हे करून पाहा. इन्शाअल्लाह, बंद पडलेला जिना पुन्हा चढता येईल.