मित्रांना डीजे शिकविताना

डीजे हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मिरवणुकीपुढे चालणारी, ट्रकवर रचलेली खोक्यांची भिंत उभी राहते. आपण म्हणतोही तसेच, ‘लग्नाला डीजे आणलाय’, ‘डीजे बंद करायला लावला’. वास्तविक डीजे हे यंत्राचे नाव नव्हे, माणसाचे आहे. डिस्क जॉकी या दोन शब्दांची ती आद्याक्षरे. एकामागून एक गाणी अशी लावायची की मध्ये ठेका तुटू नये आणि नाचणाऱ्याचा पाय थांबू नये, एवढे त्याचे काम. आमच्या महाविद्यालयात मी थोडेफार हे काम करतो, आणि गेल्या दीड वर्षात ते काही मित्रांना शिकविण्याचा प्रयत्न केला. प्रस्तुत लेख वाजविण्याविषयी कमी व शिकविण्याविषयी अधिक आहे, कारण वाजविणे मला बऱ्यापैकी जमले होते; शिकविणे मुळीच जमत नव्हते.

थोडा इतिहास सांगतो. दोन तबकड्यांचे ठेके जुळवून एका गाण्यातून दुसऱ्यात जाण्याची युक्ती न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत १९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सिस ग्रासो याने रूढ केली. पुढे ११ ऑगस्ट १९७३ रोजी त्याच शहराच्या ब्रॉन्क्स भागात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून इमारतीच्या सभागृहात तिकीट लावून समारंभ केला. तेथे तिचा भाऊ कूल हर्क याने तबकड्या वाजविल्या, आणि हिप-हॉप संगीताचा जन्म त्या रात्री झाला असे मानतात. शाळेच्या कपड्यांसाठी केलेला हा उद्योग वाचला तेव्हा मला फार बरे वाटले. मीदेखील लग्नसराईत वाजवूनच फी भरतो. आमच्या घरात फी भरण्याचा प्रसंग प्रथम माझ्याच वेळी आला.

असो. माझा पहिला विद्यार्थी म्हणजे वसतिगृहातील माझा खोलीमित्र. माझ्याकडे जुना घेतलेला एक कंट्रोलर आहे. कंट्रोलर म्हणजे दोन चकत्या, मध्ये आवाजाच्या सरकपट्ट्या व गोल खुंट्या असलेली पेटी. ती लॅपटॉपला जोडावयाची. मी त्याला शेजारी बसवीत असे आणि भराभर बोलत असे. ‘हे बघ, हे असं. सोपं आहे रे!’ त्याने हात घातला व ठेका घसरला की मी त्याचा हात बाजूला सारून स्वतः दुरुस्त करीत असे. त्याला वाटे आपल्याला येऊ लागले. मला वाटे मी शिकविले. पंधरा दिवसांत त्याने आपल्या मामांच्या मुलीच्या हळदीला वाजविण्याचे कबूल केले. मी म्हणालो, ‘जा बिनधास्त, सिंकचं बटण दाबत राहा.’

हे सिंकचे बटण दोन्ही गाण्यांचा वेग आपोआप जुळविते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, मीही ते वापरतो. परंतु यंत्र गाण्याचा वेग मोजते तेव्हा ठोके सारख्याच अंतराने पडतात असे बहुधा धरून चालते. हल्लीच्या संगणकावर रचलेल्या गाण्यांत ते खरे असते. हलगी-ढोलकी प्रत्यक्ष वाजवून ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांत नसते; वाजविणारा माणूस रंगात आला की किंचित पुढे सरकतो. हळदीत नेमके असेच एक जुने गाणे लागले. आरंभी सर्व ठीक होते, वीस सेकंदांत दोन ठेके एकमेकांवर आदळू लागले. काय करावे हे त्याला ठाऊक नव्हते, कारण त्याच्या कानाने हा गोंधळ कधी पुरता ऐकलाच नव्हता. प्रत्येक वेळी मी मध्ये पडून तो मिटविला होता. नाचणारी बायामाणसे खाली बसली. त्याचे मामा चारचौघांत म्हणाले, ‘शिकून आलास ना रे?’

तीन महिने आम्ही एका खोलीत राहून कामापुरतेच बोलत होतो. दोष त्याच्या कानाचा नव्हता. तो माझा होता, हे समजायला मला त्यांपैकी दोन महिने लागले.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीस वर्गातील एक मैत्रीण म्हणाली, ‘मला शिकवशील का?’ तिचे वडील भजनी मंडळात पखवाज वाजवितात. तिला विचारले, वडिलांनी तुला कसे शिकविले? ती म्हणाली, पहिले कितीतरी दिवस पखवाजाला हात लावू दिला नाही; तोंडाने बोल म्हणायला लावले आणि हाताने टाळी धरायला लावली. मी तेथेच ठरविले की पहिला आठवडा पेटी उघडायचीच नाही.

त्या आठवड्यात आम्ही फक्त मोजले. (आता आमच्यात आणखी एक मित्र आला होता.) मोबाईलवर गाणे लावायचे, घड्याळ पाहून पंधरा सेकंदांतील ठोके मोजायचे आणि चाराने गुणायचे. तीस ठोके आले तर मिनिटाला १२०. यालाच बीपीएम म्हणतात. नंतर सम शोधायची. नाचाच्या गाण्यात चार-चार मात्रांचे गट असतात, असे चार गट झाले की सोळा, म्हणजे तीनतालाचे एक आवर्तन धरावे. अशी दोन आवर्तने, बत्तीस मात्रा संपल्या की गाण्यात बहुधा काहीतरी बदलते. एखादे वाद्य येते, एखादे थांबते, कडवे सुरू होते. नवे गाणे आणायचे ते या वळणावर. मी हे इंग्रजी व्हिडिओ पाहून वर्षभराने शिकलो होतो. मैत्रिणीने दुसऱ्याच दिवशी, गाणे पूर्वी ऐकलेले नसताना, ‘आता बदलेल’ असे सांगून मला चकित केले. भजनी ठेक्यावर वाढलेल्या कानाला ते सांगावे लागत नाही. दुसऱ्या मित्राला मात्र सम सापडेना. त्याने शाळेत लेझीम खेळली होती. मी त्याला गाण्यावर मनातल्या मनात लेझीम खेळायला सांगितले, आणि पाय आपोआप एकवर पडू लागला. ज्याच्याजवळ जे आहे तेथून सुरुवात केली की निम्मे काम होते, असा माझा अनुभव आहे.

पुढचा भाग सर्वांत कठीण व माझ्या मते सर्वांत मोलाचा. दोन्ही बाजूंना एकच गाणे, एकाच वेगाने लावायचे. विद्यार्थ्याने दुसरे गाणे पहिल्याच्या समेवर सोडायचे, एवढेच. नेमके पडले तर दोहोंचा आवाज एक होतो. केसभर चुकले तर रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा पोकळ येतो. हे जमल्यावर मी लॅपटॉपच्या पडद्यावर टॉवेल टाकला आणि एका बाजूचा वेग गुपचूप बदलला. आता सांगा, पुढे कोणते पळते आहे आणि मागे कोणते राहते आहे?

येथे नवशिक्याला रडू येते. ठेका बिघडला आहे हे कोणालाही कळते; कोणत्या बाजूने बिघडला हे कळत नाही. म्हणून मी फळ्यावर हिशेब मांडला. एक गाणे १२० चे, दुसरे १२१ चे. पूर्ण मिनिटाला एका ठोक्याचा फरक. म्हणजे पंधराव्या सेकंदाला पाव ठोका आणि तिसाव्या सेकंदाला बरोबर अर्धा, तेव्हा सर्वांत जास्त खडखडाट. साठाव्या सेकंदाला पुन्हा जुळल्याचा भास होतो, पण समेच्या ठिकाणी सम राहिलेली नसते. कान किती सेकंदांत तक्रार करतो त्यावरून फरक किती हे ओळखता येते. वेग बदलण्याची सरकपट्टी टक्क्यांत असते. १२० चे १२३ करावयाचे तर अडीच टक्के वर. टेक्निक्स कंपनीच्या एसएल-१२०० या तबकडीयंत्राच्या १९७९ सालच्या नमुन्यावर ही पट्टी आठ टक्के वर व आठ टक्के खाली जाई. आजच्या पेटीत ही मर्यादा वाढविता येते, पण फार ताणले की गाणे ओढूनताणून गायल्यासारखे लागते.

ओळखण्याची युक्ती अशी: हेडफोन एकाच कानाला लावायचा. त्यात येणारे गाणे, मोकळ्या कानात चालू असलेले. मग येणाऱ्या गाण्याची चकती बोटाने किंचित पुढे ढकलून पाहायची. जुळले तर ते मागे होते, अधिक बिघडले तर पुढे होते. अंदाज चुकला तरी चालते, दुसऱ्या बाजूला ढकलायचे. चुकीतूनच उत्तर मिळते, म्हणूनच तेथे शिक्षकाने हात घालायचा नसतो. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत असे. खरोखर, शब्दशः. मैत्रिणीने पहिला ठेका जुळवायला सहा मिनिटे घेतली आणि त्या सहा मिनिटांत मला घाम फुटला.

खर्जाची अडचण तिने स्वतःच सोडविली. दोन गाणी एकत्र चालू असताना दोहोंचा खालचा आवाज मोठा ठेवला तर नुसता गदारोळ होतो. मी खुंट्यांची नावे सांगू लागलो तशी ती म्हणाली, ‘दोन पखवाज असले तर दोघांनी कणकेची बाजू एकदम बडवायची नाही, तसंच ना?’ अगदी तसेच. एकाचा खर्ज उतरवायचा, मग दुसऱ्याचा चढवायचा.

शिकविताना आणखी दोन पथ्ये मी पाळू लागलो. एका वेळी एकच चूक सांगायची. बाकीच्या दिसल्या तरी गिळायच्या. आणि प्रत्येक प्रयत्न ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकायचा. त्याच क्षणी ‘चुकलास’ म्हटले तर तोंड उतरते. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी स्वतःच हसून म्हणतो, ‘इथं घसरलं.’

तासाची लांबी चाळीस मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि आवाज लहान. याचे कारण निव्वळ थकवा नव्हे. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेने ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास ही मर्यादा सांगितली आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे उरतात. भिंतीजवळ वाजविणारी आमच्या वयाची मुले रात्रभर उभी असतात. मलाही एका वरातीनंतर दोन दिवस कानात शिट्टी ऐकू येत होती. ही गोष्ट घरी सांगितली नाही. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातील ठराविक सणांना राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. ज्या प्राध्यापकांना डीजेचा राग येतो त्यांचा राग मला पटतो. मात्र तो आवाजाच्या खुंटीवर असावा, ठेका जुळविणाऱ्या बोटांवर नसावा, एवढीच विनंती.

डिसेंबरात एका संध्याकाळी आम्ही खोलीवर सराव करीत होतो. खोलीमित्र मेसचा डबा घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. मैत्रिणीचा ठेका घसरत होता, मी गप्प होतो. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘येणारं गाणं मागं पडतंय.’ तिने चकती पुढे ढकलली. जुळले. मी उठून माझी खुर्ची त्याला दिली व हेडफोन त्याच्या हातात दिला. एक गाणे ९८ चे होते, दुसरे १०१ चे. पडद्यावर टॉवेल होताच. त्याला नऊ मिनिटे लागली. डब्यातले जेवण पार गार झाले होते.